घरात तीन-चार पोट्टे असतील तर रंगाची खूण कशी लावायची

घरात आठ, पाच आणि अडीच वर्षांची तीन लेकरं असली की सकाळच्या शाळेच्या घाईत एकच प्रश्न वीसदा ऐकू येतो: ‘हे कोणाचं?’ टॉवेल सारखे, स्टीलचे डबे सारखे, बाटल्या सारख्या, पांढरे मोजे तर सगळ्या जगाचे सारखे. नावं लिहून भागत नाही. अडीच वर्षांच्याला वाचता येत नाही, पाच वर्षांची एकेक अक्षर लावत बसते आणि आजीचा चष्मा नेमका त्याच वेळी सापडत नसतो. रंग मात्र सगळ्यांना लांबूनही दिसतो.

ही पद्धत पुष्कळ घरांत हौसेने सुरू होते आणि वर्षाच्या आत मोडते. मोडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लोक रंगीत वस्तू विकत आणतात. मोठ्याची बाटली निळी, डबा निळा, दप्तर निळं, रेनकोट निळा. पुढच्या जूनमध्ये ते दप्तर धाकटीकडे जातं, तिचा रंग पिवळा, आणि तिथून घोळ सुरू होतो. भावंडांच्या घरात वस्तू खाली सरकतच राहणार. म्हणून वस्तू साधी, बिनरंगाची घ्यायची आणि रंगाची खूण वरून लावायची, तीही काढता येईल अशी. टॉवेल आणि दात घासायचा ब्रश एवढे दोनच अपवाद, कारण ते कोणी कोणाला देत नाही.

आधी दोन दिवस नुसतं ऐका

बाजारात जाण्याआधी फ्रिजवर एक कागद लावा. ‘हे कोणाचं’, ‘माझं कुठे गेलं’, ‘याने माझं घेतलं’ असं जितक्या वेळा ऐकू येईल तितक्या वेळा त्या वस्तूपुढे एक रेघ ओढा. एक दिवस शाळेचा आणि एक सुटीचा पुरतो. दहा-बारा वस्तूंच्या वर यादी सहसा जात नाही.

आता यादीतल्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. दिसायला सारखी आहे का? प्रत्येकाची वेगळी असायलाच हवी का? रोज लागते का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली तरच रंग. चपलांना रंग लागत नाही, त्यांच्या मापातच फरक आहे. ताटं-वाट्या सारख्या असतात, पण कोणीही कोणत्याही ताटात जेवावं, तिथे रंग लावला की ‘माझ्या लाल ताटातच जेवीन’ हे नवीन भांडण आपणच घरात आणतो. खेळण्यांना तर मुळीच लावू नका. खेळणी सामाईक ठेवा आणि प्रत्येकाला आपला खासगी खजिना ठेवायला बुटांच्या खोक्याएवढा एक डबा द्या, फक्त त्या डब्याला रंग.

रंग निवडणं

तीन मुलांसाठी निळा, पिवळा, लाल. फार विचार करू नका. हे तीन रंग कापडाच्या, स्टेशनरीच्या आणि विजेच्या सामानाच्या अशा तिन्ही प्रकारच्या दुकानांत मिळतात. इन्सुलेशन टेप घ्यायला गेलात तर लाल, पिवळी, निळी हमखास असते, कारण थ्री-फेज वायरिंगचे फेज आपल्याकडे याच तीन रंगांनी ओळखतात. जांभळा रंग पोरीला कितीही आवडत असला तरी जांभळी फीत मिळेल, जांभळी टोपली मिळेलच असं नाही, आणि मग एक वस्तू जांभळी, एक गुलाबी, एक आमसुली अशी खिचडी होते.

चौथं मूल असेल तर गडद हिरवा. पण इथे थोडं थांबा. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हा रंगांधळेपणाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असतात, त्यामुळे मुलींपेक्षा मुलांमध्ये तो कितीतरी जास्त दिसतो. चार-पाच वर्षांचा मुलगा सारखा लाल-हिरव्यात गोंधळत असेल, पण निळा-पिवळा अचूक ओळखत असेल, तर त्याला रागावू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ठिपक्यांच्या अंकांची जी इशिहारा तपासणी असते, तिला काही मिनिटं लागतात. ती होईपर्यंत लाल आणि हिरवा एका घरात ठेवायचेच असतील तर हिरवा खूप गडद घ्या, बाटलीच्या काचेसारखा. छटेचा फरक नाही कळला तरी फिका-गडद कळतो. चौथा म्हणून काळाही चालला असता, पण तिटेपलीकडे काळा रंग लेकराला लावायला आजी तयार होणार नाहीत.

रंगाच्या जोडीला प्रत्येकाला एक आकार द्या: निळा गोल, पिवळा चौकोन, लाल त्रिकोण, हिरवी चांदणी. नागपूरच्या मेट्रोतसुद्धा नुसता रंग नाही. ऑरेंज आणि ॲक्वा अशा दोन रंगांच्या मार्गिका आहेत, पण फलकावर नावही असतं, आणि सीताबर्डीला गाडी बदलताना ज्याला रंग कळला नाही तो नाव वाचतो. घरात नावाचं काम आकार करतो. रात्री लाइट गेल्यावर, टॉर्चच्या उजेडात, उडालेल्या रंगावर, सगळीकडे आकार उपयोगी पडतो.

काही जोड्या टाळाच. लाल आणि गुलाबी एका घरात नको, कारण उन्हाने लाल सगळ्यात आधी उडतो आणि मे महिन्यापर्यंत त्याचा गुलाबी झालेला असतो. गडद निळा आणि काळा नको. पिवळा घ्याल तो झेंडूसारखा घट्ट घ्या. लिंबासारखा फिका पिवळा बाथरूमच्या पिवळट दिव्याखाली पांढरा दिसतो. घेतलेल्या रंगांचे तुकडे संध्याकाळी बाथरूममध्ये खिळ्याला टांगा, दारातून दहा फुटांवरून बघा. एका नजरेत ओळखू आले नाहीत तर बदलून आणा, सामान लावून झाल्यावर बदलणं महागात पडतं.

रंग कोणी निवडायचा? मोठ्याला आधी विचारलं तर तो ठरवून धाकट्याच्या आवडीचा घेतो. चिठ्ठ्या टाका, आणि अडीच वर्षांच्याची चिठ्ठी आजोबांना काढू द्या. दोघींना गुलाबीच हवा असेल तर गुलाबी बादच करा, अर्धा तास रडारड होईल, पण प्रश्न कायमचा मिटेल. एकदा ठरलेला रंग किमान वर्षभर बदलायचा नाही. मध्येच अदलाबदल केली तर मुलांपेक्षा मोठ्यांचीच जास्त धांदल उडते.

मोठ्या माणसांना रंग देऊ नका. पांढरं, करडं, स्टीलचं किंवा बिनखुणेचं ते सगळ्यांचं. पाहुण्यांची लेकरं आली की तीही बिनखुणेच्या वस्तू वापरतील. जावा-जावांच्या एकत्र घरात सहा-सात मुलं असतील तर सहा रंग शोधत बसू नका, पाचव्या रंगापासून ओळखण्यात चुका सुरू होतात. तिथे एका आईबापाच्या मुलांना एक रंग द्या आणि त्यात आकार वेगळे. धुणं वाटायला रंग पुरतो, वस्तू उचलायला आकार.

एक बारीक गोष्ट राहते, रंगाच्या नावांची. आई ऑरेंज म्हणते, आजी केशरी म्हणतात, शाळेत नारंगी शिकवतात. आकाशी कुठे संपतो आणि निळा कुठे सुरू होतो यावर दोन मोठी माणसं वाद घालू शकतात. घरात एका रंगाला एकच नाव ठरवा आणि कामवाल्या मावशींनाही तेच सांगा.

सामान

तीन मुलांसाठी साधारण वर्षाचं सामान असं: प्रत्येक रंगाची एक सेंटीमीटर रुंदीची सॅटिन फीत ५ मीटर, भरतकामाच्या धाग्याची एकेक लच्छी (८ मीटरची, सहा पदरांची), नेलपॉलिशची एकेक लहान बाटली, नेलपॉलिश रिमूव्हर, इन्सुलेशन टेपचं एकेक रीळ, गोल टिकल्यांची एकेक रंगाची पाकिटं, कपड्यांवर लिहायचा, धुण्यात न जाणारा मार्कर, तीन जाळीच्या टोपल्या आणि सहा टॉवेल. फीत-धागा नागपुरात इतवारी-गांधीबागेकडे ठोकच्या भावात स्वस्त पडतो, पण तिकडे पूर्ण बंडल घ्यायला लावतात. एका घरापुरतं हवं असेल तर सीताबर्डीवर किंवा जवळच्या शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात चिल्लर मिळतं. नेलपॉलिश नवीन घ्यायलाच हवं असं नाही, ताईच्या ड्रॉवरमध्ये सुकत आलेली लाल बाटली असतेच.

सगळं एका दिवशी लावू नका. एक जागा, एक आठवडा. क्रम असा ठेवा: बाथरूम, मग डबे-बाटल्या, मग कपडे, शेवटी दप्तर आणि कागद.

बाथरूम

प्रत्येकी दोन टॉवेल, एक वापरात आणि एक धुण्यात. सोलापुरी टॉवेल गडद रंगात सहज मिळतात. नवीन टॉवेल आधी तपासा: पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यावर वीस वेळा जोराने घासा. फडक्याला रंग लागला तर पहिल्या तीन-चार धुण्यांत तो टॉवेल वेगळा धुवायचा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं घरोघर सांगतात, पण आजच्या बहुतेक रंगांवर त्याचा उपयोग होत नाही. वाळवताना गच्चीवर थेट उन्हात न टाकता सावलीत, उलटा करून टाका. नागपूरच्या उन्हाळ्यात सावलीतसुद्धा टॉवेल वाळायला वेळ लागत नाही.

टॉवेल अडकवायची खुंटी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर हवी. अडीच वर्षांचं मूल साधारण ९० सेंटीमीटर उंच असतं, पाचचं ११०, आठचं १२५ च्या आसपास. म्हणजे खुंट्या अंदाजे ७०, ८५ आणि १०० सेंटीमीटरवर. सगळ्या एका ओळीत लावल्या तर सगळ्यात लहानाचा टॉवेल नेहमी कोणीतरी काढून द्यावा लागतो आणि पद्धतीचा अर्धा फायदा जातो. या उंचीवर लोखंडी टोकदार हूक मात्र नको, ते थेट डोळ्याशी येतात. गोल लाकडी खुंटी किंवा बोथट प्लास्टिकचा हूक लावा. चिकटणारे हूक लावायचे असतील तर टाइल स्पिरिटने पुसा, वाळू द्या, हूक दाबून चिकटवा आणि पुढचे २४ तास त्यावर काहीही टांगू नका. हूक पडतात ते बहुतेक याच घाईमुळे. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर मात्र चिकटणारे हूक नकोच, तिथे खिळा ठोका.

ब्रश रंगीतच घ्या, पण कंपनीच्या पाकिटात हवे ते रंग येत नाहीत. दांड्याला शेवटी इन्सुलेशन टेपचा एक वेढा दिला की झालं. रबरबँड लावू नका, त्याच्या खाली पाणी साचून शेवाळ धरतं, आणि लहान मूल तो काढून तोंडात घालतं. ब्रश उभे, एकमेकांना न टेकतील असे ठेवा. दर तीन महिन्यांनी किंवा केस पसरले की त्याआधीच बदला. तिघांचे एकाच दिवशी बदलले तर लक्षात राहतं. पेस्टला रंग नको, प्रमाण हवं: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी.

डबे आणि बाटल्या

स्टीलच्या डब्यावर मार्कर टिकत नाही. दोन दिवस तारेची घासणी फिरली की गेला. स्टिकरच्या कडेला पाणी शिरतं आणि आठवड्यात त्याचा काळा चिकटा उरतो. इथे नेलपॉलिश चांगलं चालतं, पण ते लावायची रीत आहे.

डबा घासून पूर्ण वाळवा. तळाच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, रुपयाएवढ्या जागेवर रिमूव्हरने पुसून घ्या. हाताचा तेलकटपणा राहिला तर रंग पापडासारखा अख्खा उचलून येतो. मग आपल्या आकाराचा एक पातळ थर, पंधरा मिनिटं थांबून दुसरा पातळ थर. एकच जाड थर देऊन काम उरकायचा मोह होतो, पण जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पहिल्याच घासण्यात सुटतो. लावल्यावर एक दिवस डबा वापरू नका. झाकणाच्या वरच्या बाजूलाही तशीच खूण करा, कारण डबे कमी आणि झाकणंच जास्त बदलतात. आतल्या बाजूला, काठाला, ओठ लागतील तिथे कधीही नाही. आणि तळाला खूण असलेला डबा थेट गॅसवर गरम करायला ठेवायचा नाही, रंग जळून घरभर वास सुटतो. रोज घासल्यावर ही खूण महिना-दीड महिना टिकते. टवका उडाला की रिमूव्हरने सगळं पुसा आणि नव्याने लावा, जुन्यावर नवीन चढवलेलं टिकत नाही.

भांड्यांच्या दुकानात नाव कोरून देतात, ती खूण कायमची. पण मुलाचं नाव कोरू नका, आडनाव कोरा. शाळेत हरवलेला डबा आडनावावरून घरी येतो, घरात तो कोणाचा हे नेलपॉलिश सांगतं, आणि मोठ्याचा डबा धाकट्याकडे गेला तर फक्त रंग बदलायचा.

बाटलीला फितीचा एक वेढा गळ्याशी बांधून गाठीवर दोन टाके घाला. सॅटिनच्या फितीची कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून अर्धा सेकंद न्या, वितळून बंद होते आणि धागे निघत नाहीत. सुती फीत अशी वितळत नाही, जळते, तिची कड दुमडून शिवा. लटकणारी टोकं दोन सेंटीमीटरच्या वर ठेवू नका. गळ्यात अडकवायच्या बाटलीचा मूळ पट्टा तीन वर्षांखालच्या मुलासाठी काढूनच टाका.

बाटलीला इन्सुलेशन टेप लावायचा विचार असेल तर तो हिवाळ्यापुरता. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात गेला की टेपचा डिंक पातळ होतो, टेप घसरतो आणि हाताला काळा चिकटा लागतो. तो खोबरेल तेलाने निघतो.

मोजे आणि कपडे

धुण्याच्या बाबतीत नवखे लोक हमखास एक चूक करतात: प्रत्येकाचे मळके कपडे त्याच्या रंगाच्या टोपलीत टाकायला लावतात. मग मशीनमध्ये तीन अर्धे-अर्धे लोड लागतात, आणि पांढरा शर्ट लाल पायजम्याबरोबर जातो तो वेगळाच. मळके कपडे एकत्रच टाका, पांढरे आणि रंगीत एवढंच वेगळं करा. मुलांचे रंग कामाला येतात ते वाळल्यावर, घडी घालताना. तीन टोपल्या ओळीने मांडायच्या आणि ज्याचं त्याच्या टोपलीत. पाच वर्षांची मुलगी हे काम मावशींइतकंच बरोबर करते.

पण कपड्यांवर रंग लावायचा नाही. कपडे तर सगळ्यात जास्त खाली सरकतात. तिथे ठिपके: मोठ्याच्या कपड्याच्या लेबलवर मार्करने एक ठिपका, मधलीच्या दोन, धाकट्याच्या तीन. शर्ट मोठ्याकडून मधलीकडे गेला की आणखी एक ठिपका वाढवायचा. काहीच पुसावं लागत नाही. धाकट्यासाठी नवीन आणलं तर सरळ तीन. मामेभावाकडून आलेल्या कपड्यांचं जुनं लेबल कापून टाका, नाहीतर तिकडचा ठिपका इकडे हिशेबात येतो. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याने अशाच खुणा करत, त्या कधीच जात नसत. घरी तो प्रयोग करू नका, बिब्ब्याचं तेल उततं आणि कातडीवर फोड येतात.

मोजे याला अपवाद. मोजे दुसऱ्याकडे जाईपर्यंत उरतच नाहीत, म्हणून तिथे रंगीत धागा चालतो आणि तिथेच तो सगळ्यात जास्त कामाचा आहे. लच्छीतून हातभर धागा कापा, सहा पदरांतले तीन वेगळे करून सुईत ओवा. मोजा पायाच्या आकाराएवढा ताणून धरा, हवं तर आत प्लास्टिकचा चेंडू घाला. न ताणता घातलेला टाका पाय घालताच तुटतो. बोटांपुढच्या शिवणीवर, बाहेरच्या बाजूने, अर्ध्या सेंटीमीटरचे चार टाके घाला आणि गाठ बाहेरच मारा. गाठ आत आली की बोटाला घासते आणि मूल शाळेत मोजा काढून बसतं. शेवटी मोजा उलटा करून आत बोट फिरवा. लोंबणारा धागा किंवा सैल फास राहिला असेल तर कापा. बाळाच्या बोटाभोवती असा धागा गुंडाळला गेला तर रक्त अडतं, बोट सुजतं आणि कारण मोजा काढेपर्यंत कळत नाही. एका मोज्याला तीन-चार मिनिटं लागतात. प्रत्येकाच्या चार जोड्या म्हटल्या तर दोघांनी बसून एक संध्याकाळ.

पिवळा धागा पांढऱ्या मोज्यावर दिसत नाही. पिवळ्यावाल्याच्या मोज्याला चारऐवजी सहा टाके घाला, शेजारी-शेजारी.

दप्तर, वह्या, कॅलेंडर

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या थोड्या नंतर, जून संपता संपता उघडतात. तो जादा वेळ वह्यांना कव्हर घालण्यात जातो. खाकी कव्हर घातलेल्या वह्या कपाटात सारख्याच दिसतात, म्हणून कण्याच्या खालच्या टोकाला दोन सेंटीमीटर टेप आडवी गुंडाळा. खालच्याच टोकाला, कारण वह्या उभ्या ठेवल्या की वरची कड दप्तराच्या पाकिटात दबते. दप्तराच्या चेनला फितीचा छोटा फास. बाहेरच्या बाजूला नाव किंवा पत्ता लिहू नका, आतल्या कप्प्यात लिहा. रस्त्यावर अनोळखी माणसाने मुलाला नावाने हाक मारावी असं आपल्याला नको असतं.

दाराजवळ प्रत्येकाच्या रंगाची एक फाइल टांगा. शाळेतून आलेला प्रत्येक कागद (सूचना, फी, सहलीची परवानगी) आधी त्यात. सही झाली की फाइल उलटी टांगायची, म्हणजे सकाळी दिसतं की दप्तरात काय जायचंय.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनने लिहायला जागा नसते. तिथे टिकल्या लावा. सोमवारच्या चौकोनात लाल टिकली म्हणजे लालवाल्याचा काहीतरी कार्यक्रम, तपशील मोबाइलमध्ये. टिकली हलवता येते, शाळेने तारीख बदलली की उचलून पुढच्या चौकोनात. डोसची तारीख असेल तर दोन टिकल्या. फक्त पाकीट वरच्या खणात ठेवा. टिकली लहान मुलाच्या तोंडात आणि नाकात दोन्हीकडे जाते. सुमारे ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला घशात अडकण्याइतकी लहान असते, टिकली तर त्याच्या कितीतरी खाली.

रंग कुठे नको

औषधांना रंगाची खूण लावून त्यावर विसंबू नका. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचंच बघा: थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलीलीटरला १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीलीटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम. १२० च्या सिरपशी तुलना केली तर थेंब चौपटीहून तीव्र असतात. ‘लाल फीत म्हणजे धाकट्याची बाटली’ एवढंच डोक्यात ठेवून रात्री दोन वाजता अंदाजाने चमचा भरला तर मात्रा चुकते, कारण मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, रंगावर नाही. प्रत्येक वेळी लेबल वाचायचं, डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेचा कागद रबरबँडने बाटलीलाच बांधायचा, आणि सगळी औषधं कुलपात.

फिनाइल, ॲसिड, कीटकनाशक यांना लाल टेप लावून ‘लाल म्हणजे हात लावायचा नाही’ असं शिकवणंही चुकीचं. ज्या घरात लाल रंग एका लेकराचा आहे तिथे लाल बाटली म्हणजे ‘माझी’. अशा बाटल्या हातच पोचणार नाही इतक्या उंचावर.

कचऱ्याचे डबे ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा असे असतात. घरात निळ्या आणि हिरव्या रंगाची मुलं असतील तर त्यांच्या टोपल्या कचऱ्याच्या डब्यांसारख्या बंद आणि उभट घेऊ नका, जाळीच्या आणि पसरट घ्या. नाहीतर अडीच वर्षांचं पोर आपला मोजा सुक्या कचऱ्यात टाकतं, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच असतं.

लेकरांना शिकवणं

रंगाचं नाव घेता येण्याच्या आधीच मुलाला सारखा रंग शोधता येतो. म्हणून अडीच वर्षांच्याला ‘लाल टॉवेल आण’ म्हणू नका. हातात लाल फितीचा तुकडा द्या आणि म्हणा, ‘याच्यासारखं कुठे आहे?’ एका वेळी एकच वस्तू, तीन-चार दिवस, मग दुसरी. पहिल्या आठवड्यात तो रोज चुकीचा टॉवेल काढेल. बरोबर खुंटीपाशी नेऊन फीत टॉवेलला लावून दाखवायची, बस. तीन आठवडे लागतात असं धरून चला.

पाच वर्षांची मुलगी या पद्धतीची पोलीस होते. ‘आजीने माझ्या टॉवेलला हात पुसले’ ही तक्रार रोज येईल. तिला एक नियम आधीच सांगून ठेवा: तक्रार करायची नाही, वस्तू जागेवर ठेवायची. आठ-नऊ वर्षांच्याला काही दिवसांनी चौकोन-त्रिकोण ‘छोट्या पोरांचं’ वाटायला लागतं. त्याच्या डब्यावर आकाराऐवजी आद्याक्षर लावा, रंग तोच. धाकट्याला काहीच फरक पडत नाही, तो रंगच बघतो.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरं लाकडी नंदी मिरवतात त्या दिवशी, ज्या घरात तीन नंदी असतात तिथे ही पद्धत पोट्टेच स्वतः वापरतात. शिंगाला आपापल्या रंगाची फीत बांधली की नंदी कोणाचा यावरून मिरवणुकीत भांडण होत नाही. सजावट कोणाची चांगली यावर होईल, त्याला रंगाचा उपाय नाही.

वर्षातून दोनदा

शाळा उघडायच्या आठवडाभर आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा. अर्धा तास पुरतो. जूनमध्ये बघायचं ते उन्हाने काय उडालं: फिती, हूक, बाल्कनीतल्या टोपल्या. प्लास्टिकची टोपली दोन उन्हाळे बाहेर राहिली की ठिसूळ होते, काठ दाबून बघा, कुरकुरला तर टाका, तुटलेली कड बोटाला कापते. दिवाळीत बघायचं ते पावसाने आणि ओल्याने काय सुटलं: कागदी खुणा, वह्यांची टेप, गंजलेले हूक. याच वेळी कपडे आणि दप्तरं खाली सरकवा, ठिपके वाढवा, फिती बदला.

उरलेली फीत, धागे, नेलपॉलिश, टिकल्या आणि एक सुई बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरून वरच्या खणात ठेवा. त्या डब्याला मात्र कोणाचाच रंग लावू नका.